कवीची कविता आणि कवीचे घर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. तुम्ही मुलांना शाळेत घातलेत, उन्हातून चालत इथवर आलात, याचा अर्थ ते महत्त्व तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक कळते. म्हणून मी आज दुसराच विषय घेतला आहे. तो मला एका पालकांनी दिला. त्यांची मुलगी बी. ए. ला आहे, मराठी वाङ्मय हा तिचा विषय. मला गाठून ते म्हणाले, "सर, पोरीले नामदेव ढसाळची कविता हाये अभ्यासाले. तिनंच सांगितलं का त्याच्या बायकोनं पुस्तक लिहिलं, त्यात नवरा मारे म्हणून लिहिलं हाये. मंग असा माणूस पोरीनं कायले वाचावं?"

प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तर साधे नाही. पुष्कळ विद्वान अशा वेळी एक ठरीव वाक्य फेकतात, की कलावंत वेगळा आणि माणूस वेगळा. हे वाक्य ऐकायला बरे वाटते. परंतु ते त्या पालकांना ऐकवून मी मोकळा झालो असतो, तर ते घरी जाऊन मुलीला काय सांगणार होते? "बेटा, मारणारा हात वेगळा आणि लिहिणारा हात वेगळा" असे? हात तर एकच असतो.

प्रथम ही माणसे कोण, हे विद्यार्थ्यांना माहीत हवे. नामदेव ढसाळ १९४९ साली पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसर येथे, महार कुटुंबात जन्मले. लहानपणीच ते मुंबईला गेले, तिथल्या बकाल वस्तीत वाढले आणि टॅक्सी चालवून पोट भरू लागले. १९७२ साली त्यांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. मराठी कवितेने ज्या माणसांकडे कधी मान वळवून पाहिले नव्हते, ती माणसे त्यांच्या भाषेसकट या संग्रहात आली. त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार आणि इतर तरुणांबरोबर त्यांनी दलित पँथर उभी केली. ज्यांच्या वडिलांनी गावात मान खाली घालून दिवस काढले होते, त्या हजारो तरुणांना ताठ उभे राहण्याचे बळ या चळवळीने दिले. ढसाळांचे हे मोठेपण कोणी नाकारू नये, आणि मीही नाकारणार नाही.

मलिका अमर शेख ह्या त्यांच्या पत्नी. त्यांचे वडील म्हणजे शाहीर अमर शेख. ह्या सभेत वडीलधारी मंडळी बसली आहेत, त्यांना हे नाव सांगायला नको. परंतु मुलांसाठी सांगतो. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६, गाव सोलापूर जिल्ह्यातील बार्शी. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लालबावटा कलापथकातून त्यांनी गिरणी कामगारांपुढे गायिले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरून जात. आज आपण ज्या राज्यात बसलो आहोत, त्याच्या घडणीत एका मुसलमान शाहिराचा गळा खर्ची पडला आहे, हे आपल्या मुलांनी पाठ करून ठेवावे. १९६९ साली ते गेले. तेव्हा मलिका शाळकरी वयाच्या होत्या.

ह्या मुलीने पुढे ढसाळांशी प्रेमाने लग्न केले, आणि १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात दारू आहे, मारहाण आहे, नवऱ्याच्या वागण्यामुळे तिच्या स्वतःच्या शरीराला भोगावे लागलेले दुखणे आहे, मुलासाठी झालेली ओढाताण आहे, आणि चळवळीच्या पुढाऱ्याच्या घरात भाकरीची असणारी भ्रांत आहे. यापेक्षा अधिक तपशील मी ह्या व्यासपीठावरून सांगणार नाही. ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावे. एवढेच म्हणतो की, हे पुस्तक सूडाने लिहिलेले वाटत नाही. ज्या माणसावर जीव टाकला त्याच्याबद्दल स्त्री जेवढे खरे बोलू शकते, तेवढे ती बोलली आहे, आणि स्वतःलाही तिने फारसे सांभाळून घेतलेले नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. पुस्तक आले १९८४ साली, तेव्हा ढसाळ पस्तिशीचे होते. ते गेले १५ जानेवारी २०१४ रोजी. मध्ये तीस वर्षे गेली. ह्या तीस वर्षांत त्यांना १९९९ साली पद्मश्री मिळाली आणि २००४ साली साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवी जीवनगौरव दिला. म्हणजे ज्यांनी हार घातले त्यांच्यापुढे पुस्तक होते. कोणालाही "आम्हांला ठाऊक नव्हते" म्हणायची सोय नव्हती. मराठी साहित्याने काय केले? दोन्ही पुस्तके वाचली, आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवून दिली. एकाला 'युगप्रवर्तक' म्हटले आणि दुसऱ्याला 'खळबळजनक'. माझी तक्रार कोणती असेल तर ती ह्या कपाटांबद्दल आहे.

इथे मला एक धोक्याची पाटी लावू द्या. आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, की अशा वस्तीत वाढलेला माणूस, त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? हा विचार मनात आला असेल तर तो तिथेच पुरून टाका. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या जमातीला पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे काय, हे ह्या सभागृहात बसलेल्यांना कोणी शिकवायला नको. उच्चवर्णीय घरातला लेखक प्याला की तो कलंदर, आणि दलित कवी प्याला की ती जात. हा न्याय आपण मान्य केला तर उद्या त्याच न्यायाने आपलेही माप निघेल. घराण्याचा आणि मारहाणीचा संबंध नसतो. बंगल्यांच्या भिंती जाड असतात, एवढाच काय तो फरक.

आणि मराठीत तर ह्या जाड भिंतींना बायकांच्या लेखणीनेच भोके पाडली आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ ह्या काळात चार भागांत आली. रेव्हरंड ना. वा. टिळक हे मोठे कवी. पण घरच्यांना न सांगता निघून जाणारा, क्षणात भडकणारा, घरातले होते-नव्हते ते दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा कसा असतो, ते लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवले. त्या हसण्याखाली काय काय दडले आहे ते वाचणाऱ्याला कळते. १९९० साली सुनीताबाई देशपांड्यांचे 'आहे मनोहर तरी' आले आणि पु. लं. चे चाहते चक्क रागावले. तिथे तर मारहाणीचा प्रश्नही नव्हता. लाडक्या लेखकाच्या संसारातला कंटाळा, मतभेद, बायकोची मोजदाद न झालेली मेहनत, एवढ्यानेच लोकांचे पित्त खवळले. यावरून समजते की, आपल्याला नुसती कला नको असते. कलेबरोबर एक स्वच्छ इस्त्री केलेला माणूसही फुकट हवा असतो.

आपल्या घरांत उर्दूचाही राबता आहे, म्हणून मिर्झा गालिबकडे वळतो. गालिब शराब पीत, आणि लपवून पीत नसत. १८४७ साली घरात जुगाराचा अड्डा चालवल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. तीन महिने भोगून ते सुटले. त्यांचे शागीर्द मौलाना हाली यांनी १८९७ साली 'यादगार-ए-गालिब' लिहिले, तेव्हा ह्यातले काही झाकले नाही. हाली स्वतः धार्मिक वृत्तीचे. तरी उस्तादाला त्यांनी फरिश्ता केले नाही आणि टाकूनही दिले नाही. १८५७ नंतर इंग्रज अंमलदाराने "मुसलमान आहेस का?" असे विचारल्यावर गालिबने "अर्धा, शराब पितो, डुक्कर खात नाही" असे उत्तर दिल्याची गोष्ट हालींनीच सांगितली आहे, आणि आपले वाडवडील ती मिटक्या मारीत सांगत आले आहेत.

परंतु ह्या हास्यविनोदात एक माणूस गप्प आहे. गालिबच्या बेगम उमराव. सात मुले झाली, एकही बालपण ओलांडू शकले नाही. त्या नमाज-रोजाच्या पक्क्या; नवऱ्याच्या पिण्यामुळे त्यांनी आपली भांडी वेगळी ठेवली होती असे सांगतात. लग्न म्हणजे बेडी असे मिर्झांनी पत्रांत लिहिले, ते आपण चवीने वाचतो. उमराव बेगमना ती बेडी कशी वाटत होती, हे कोठे लिहिलेले नाही. त्यांच्या हाती लेखणी नव्हती. गालिब आपल्याला निरुपद्रवी वाटतात त्याचे अर्धे कारण हेही असू शकेल. मलिकाबाईंच्या हाती लेखणी होती. म्हणून ढसाळ आपल्याला अडचणीचे वाटतात.

'गैरवर्तन' हा शब्दसुद्धा जपून उचलावा लागतो. कोणाचे, कोणाविरुद्ध, आणि कोणाच्या डोळ्यांनी? बालगंधर्वांची गोष्ट घ्या. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. ते रंगभूमीवर उभे राहिले. ही हकीकत शंभर वर्षे कलानिष्ठेचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्या रात्री घरी बसलेल्या आईचे काय झाले असेल, हे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. ह्या वागण्याला कोणी गैरवर्तन म्हणत नाही.

पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. ह्या विजापूर भागातल्या बिळगीच्या, पार्श्वगायिका अमीरबाईंच्या भगिनी, स्वतः कसलेल्या गायिका. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या, आणि १९५१ साली बालगंधर्व आणि गोहरबाई यांचा विवाह झाला. तेव्हा मात्र महाराष्ट्राला नीतीची आठवण झाली. आणि बोट कोणाकडे गेले? पुरुषाकडे नाही. कंपनीचे कर्ज, नाटकाचा उतरता काळ, बोलपटांची स्पर्धा, वय, हे सारे बाजूला राहिले, आणि गंधर्वांना एका गाणाऱ्या मुसलमान बाईने बुडवले अशी कथा रूढ झाली. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६८ पासून पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे आहे. गोहरबाईंच्या वाट्याला कुजबूज आली. पहिल्या पत्नीचे दुःख खरे होते, मोठे होते. पण ते दुसऱ्या बाईला मारायची काठी म्हणून जेवढे वापरले गेले, तेवढे दुःख म्हणून ऐकले गेले असे मला दिसत नाही.

तेव्हा त्या पालकांना मी काय म्हणालो, ते सांगतो. मी म्हणालो, मुलीला ढसाळ वाचू द्या. 'गोलपिठा' तुम्ही तिच्या हातून काढून घेतलात, तर त्याने मलिकाबाईंचा एकही दिवस परत येत नाही. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाचे जे सत्य त्या पुस्तकात आहे, ते तुमच्या मुलीपर्यंत पोहोचत नाही. कवितेतले सत्य कवीच्या मालकीचे नसते. विहीर खोदणारा भांडखोर निघाला म्हणून पाणी कडू होत नाही. पण ती विहीर त्याने कोणाच्या कष्टावर खोदली, घरी चूल कोण फुंकत होते, हे मुलीला समजलेच पाहिजे. म्हणून तिला दोन्ही पुस्तके द्या, एकाच आठवड्यात द्या. तिला त्रास होईल. होऊ द्या. बी. ए. ला वाङ्मय घेतले आहे ते त्यासाठीच.

ते गृहस्थ थोडे थांबले आणि म्हणाले, "वाचणं ठीक हाये. पण फोटोले हार कायले घालाचा?"

मित्रांनो, मला वाटते ह्या साध्या माणसाने विद्वानांना जी गाठ सुटत नाही ती सोडवली. वाचणे निराळे आणि हार घालणे निराळे. पुस्तक उघडताना आपण कवितेशी बोलतो. हार माणसाच्या गळ्यात पडतो, आणि हारामागे खुर्ची येते, खुर्चीमागे वजन येते. माणूस हयात असेल तर त्या वजनाखाली पुन्हा कोणीतरी सापडू शकते. चिली देशात पाब्लो नेरुदा हे असेच गोरगरिबांचे महाकवी. तरुणपणी सिलोनमध्ये एका गरीब कामकरी स्त्रीवर आपण जबरदस्ती केली, हे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवले, आणि त्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर १९७४ साली छापल्या गेल्या. चाळीस वर्षे लोकांनी ते पान वाचून पुढे उलटले. २०१८ साली राजधानीच्या विमानतळाला नेरुदांचे नाव देण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तिथल्या स्त्रिया म्हणाल्या, कविता राहू द्या, विमानतळाला नाव नको. त्या बायांना आमच्या ह्या पालकांची ओळख नव्हती, पण बोलणे एकच होते.

आता जो भाग सांगण्यासाठी मी खरा उभा राहिलो, तो सांगतो. कवी, गायक, नट ही दूरची माणसे. परंतु आपल्या मोहल्ल्यातही गुणी माणसे असतात. विदर्भातल्याच एका गावी एक शिकवणीचे मास्तर होते. गणित असे शिकवीत की मठ्ठ पोरगेही पास व्हावे. गावाचे नाव घेत नाही, मास्तरांचेही नाही. त्यांच्या शिकवणीला जाणाऱ्या मुली एकेक करून बंद झाल्या. एका आईने धीर करून वडीलधाऱ्यांच्या कानावर घातले. उत्तर काय मिळाले? "माणूस हुशार आहे, निकाल चांगला लागतो, मुलींनीच जपून राहावे." शिकवणी चालू राहिली. तीन मुलींची शाळा सुटली, आणि त्यांतल्या दोघींची लग्ने वर्षाच्या आत लावून टाकली.

कलावंत वेगळा आणि माणूस वेगळा, हे वाक्य आपण त्या गावात म्हटलेच होते. फक्त तिथे कवितेच्या जागी गणित होते. आपल्या समाजात मुलगी दहावीपर्यंत पोहोचवायला ह्या संस्थेला काय सायास पडतात ते अध्यक्ष महाशय जाणतात. एक उस्ताद, एक हुशार मास्तर, एक गोड गळ्याचा शायर सांभाळण्यासाठी आपण त्या सगळ्या सायासांवर पाणी सोडायला तयार होतो, आणि वर शिक्षा कोणाला? पुस्तके पोरीची बंद होतात. मी पालकांना हात जोडून विनंती करतो, मुलीने किंवा मुलानेही अशी गोष्ट घरी सांगितली तर पहिला प्रश्न "तू तिथे का गेलीस?" हा विचारू नका. तिचे शिकणे बंद करू नका, त्याचे शिकवणे बंद करा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा ठाऊक असणाऱ्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, तो शाळेच्या फळ्यावर कायमचा लिहून ठेवावा अशी मी मुख्याध्यापकांना सूचना करतो.

कोणी विचारील, मग आरोप झाला की लगेच फाशी का? नाही. २०१८ साली 'मी टू' म्हणून जी लाट आली, तीत नावे भराभर बाहेर आली आणि कोणाचे ऐकावे हे कळेनासे झाले. चौकशी व्हावी, दोन्ही बाजू ऐकाव्यात, खोटे निघाले तर तसे जाहीर सांगावे. पण 'चौकशी' म्हणजे वेळ काढणे नव्हे, आणि चौकशी चालू असताना मुले त्याच खोलीत पाठवणे नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या कविता लिहील, कोणी गाईल. वर्ध्याच्या भूमीला साहित्याची सवय आहे. १९६९ साली पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन भरले होते, आणि २०२३ साली तर अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन संमेलने एकाच वेळी भरली. एका बाजूला मांडव, दुसऱ्या बाजूलाही मांडव, आणि मधल्या रस्त्यावर चहावाल्यांची चंगळ. असो. लिहायला लागाल तेव्हा कोणी तुम्हांला सांगेल, की मोठा कलावंत थोडा बेबंद असायचाच, घरच्यांनी सोसायचेच. अशा माणसाला अमर शेखांचे नाव सांगा, अण्णा भाऊंचे सांगा, बहिणाबाईंचे सांगा. शेतात राबता राबता, जात्यावर बसून कविता होते. त्यासाठी कोणाला मारावे लागत नाही.

एक शेवटची बाब, संस्थेच्या वाचनालयासंबंधी. मी यादी पाहिली. 'गोलपिठा' आहे, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' नाही. ते मागवावे, आणि दोन्ही पुस्तके अकरावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना द्यावीत. भाषा रांगडी आहे, पालकांना आधी कल्पना द्यावी. आणखी एक पुस्तक मागवायचे आहे. मलिका अमर शेख ह्या स्वतः कवयित्री आहेत, हे ह्या सगळ्या चर्चेत लोक विसरतात. कोणाची मुलगी आणि कोणाची बायको एवढेच लक्षात ठेवतात. त्यांचा 'वाळूचा प्रियकर' हा संग्रह १९७९ साली, म्हणजे आत्मचरित्राच्या पाच वर्षे आधी निघाला. ग्रंथपालांनी तो मिळवला की सर्वांत आधी तो त्या बी. ए. च्या मुलीला द्यावा. मी तिच्या वडिलांना तसा शब्द दिला आहे.